पेटीचा खालचा कप्पा

४ मार्च

घरच्या मुख्य तपासनीसबाईंना,

मी फोन उचलत नाही अशी तक्रार तू थोरलीकडे केलीस, ती पोचली. उत्तर लेखी देतो. यापुढे मी फोनवर बोलणार नाही. काचेच्या कारखान्यात वीस वर्षं बरण्यांना टिचक्या मारून आवाजावरून तडा ओळखणारी बाई नवऱ्याशी फोनवर बोलत नसते, तपासणी करत असते. परवाचंच बघ. मी पोरींबद्दल गंभीरपणे काही सांगत होतो आणि तू मध्येच म्हणालीस, "अहो, काय खाताय?" मी म्हटलं, काही नाही. तर म्हणे, "बिस्किट आहे. तेही क्रीमचं. मध्ये आवाज मऊ पडतो."

आता अशा बाईशी माणसाने बोलावं तरी काय?

पत्राला कान नसतात. शिवाय माझं अक्षर चांगलं आहे, हे तुझ्या वडिलांनीही मान्य केलं होतं, आणि माझ्याबद्दल त्यांनी मान्य केलेल्या गोष्टी फार नाहीत.

इकडे सगळं ठीक. थोरली सोळाची झाल्यापासून फार बोलते आणि धाकटी तेराची झाल्यापासून बोलतच नाही. थोरलीला नुसतं 'जरा पाणी दे गं' म्हटलं, तर 'मीच का?' इथून गाडी सुटते ती जगात आजवर बायकांनी किती पाणी भरलं इथपर्यंत जाते. तोवर मी उठून, पिऊन, पेला विसळून आलेला असतो. धाकटी कानात ती गाण्यांची बोंडं घालून बसते. काल तिला विचारलं, "जेवलीस का?" तिने एक भुवई उचलली. मला आधी वाटलं 'हो'. मग वाटलं 'नाही'. तू त्यांची आई आहेस, तर एकदा नीट लिहून पाठव, डावी भुवई म्हणजे काय आणि उजवी म्हणजे काय.

जाताना फाटकापाशी दिलेला मंत्र पाठ आहे. 'भूक लागली की जेवा, राग आला की पाणी प्या. दोन्हींची गल्लत करू नका.' डॉक्टर म्हणाले साखर उंबरठ्यावर उभी आहे, तू परत आलीस की पुन्हा रक्त तपासायचं आणि तोवर गोड बंद. बंद म्हणजे बंद. कुणाच्या हाताखाली न शिकता, मोडके काटे उघडून आणि पुन्हा बसवून ज्याने तराजूंचा हा धंदा उभा केला, ज्याच्या हातून मिलिग्रॅमची गल्लत होत नाही, त्याची भूक आणि राग यांत गल्लत होईल?

नव्या कारखान्यातल्या पोरांना टिचकी कशी मारायची ते नीट शिकव. इकडची काळजी करू नकोस.

तुझाच
(उपाशी)


१५ मार्च

तपासनीसबाई,

पाव इतक्या लवकर कसा संपतो, हे तू विचारलंस. घरात दोन वाढत्या वयाच्या मुली आहेत. त्या खातात.

तू विचारणारच, म्हणून जॅमचंही सांगून टाकतो. बाटली हातातून पडली.

आता मूळ मुद्दा. थोरलीला मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायचंय, तीन दिवस. बरोबर कुणाची तरी मोठी बहीण आहे म्हणे. मी विचारलं, "मोठी म्हणजे किती मोठी?" म्हणाली, "एकोणीस." मी म्हटलं, "एकोणीसला मोठी म्हणतात हे मला माहीत नव्हतं." त्यावर ती काय म्हणाली असेल? "बाबा, तू एकोणीसचा होतास तेव्हा स्वतःचं दुकान टाकलं होतंस. ही गोष्ट तू आम्हाला दर रविवारी सांगतोस."

बघ म्हणजे. बापाचा अभिमान बापावरच उलटवला. हिला कुणी शिकवलं हे? (तू.)

मी म्हटलं, विचार करून सांगतो. ती म्हणाली, "म्हणजे नाही." दार आपटलं. दाराच्या वरच्या बिजागरीचा स्क्रू निघाला, तो मी लगेच बसवला. मग मी खाली दुकानात गेलो आणि शेजारच्या बेकरीवाल्याच्या तराजूची दांडी घासत बसलो. बेकरीवाला भला माणूस. त्याचा तराजू मी वर्षानुवर्षं बिघडू दिला नाही, म्हणून तो मजुरीवर काही ना काही देतोच. मी नको म्हणतो. तो म्हणतो, "साहेब, मन मोडू नका." कुणाचं मन मोडणं माझ्या स्वभावात नाही.

आणखी एक. प्रमाण वजनांची पेटी मी काचेच्या कपाटातून काढून वरच्या फळीवर ठेवली आहे. तिला कुणीही, म्हणजे घरातल्या कुणीही, हात लावायचा नाही, हे दोघींना पुन्हा बजावलं. तूही फोनवर त्यांना सांग. पितळी वजनाला नुसतं बोट लागलं तरी त्याचा तेलकट थर बसतो आणि मग जे वजन बाकीच्या सगळ्यांचं माप ठरवतं तेच खोटं पडतं. ही साधी गोष्ट. एवढी सावधगिरी आजच का, असं विचारू नकोस. सावधगिरीला मुहूर्त लागत नाही.

तुझा


२९ मार्च

तपासनीसबाई,

'एकदा काट्यावर उभे राहा आणि खरा आकडा कळवा,' असं तू लिहिलंस. 'खरा'खाली दोन रेघा मारल्यास. ज्याच्या दुकानात पोत्यांचा काटा आहे, भाजीचा काटा आहे, सोन्याचा काटा आहे, त्या माणसाला तू 'खरा' अधोरेखित करून पाठवतेस!

उभा राहिलो, पोत्यांच्या काट्यावर. आकडा तू गेलीस तेव्हापेक्षा तीन किलो जास्त आहे. पण यातून चपला वजा कर. खिशात किल्ल्यांचा जुडगा होता आणि मागच्या खिशात पाना होता. चष्मा. घड्याळ. नुकतंच पाणी प्यालो होतो (रागाचं पाणी, तुझाच उपाय). हे सगळं वजा जाता वाढ नगण्य राहते.

धाकटी जिन्यात उभी राहून हे सगळं बघत होती. मी तिला विचारलं, "काय गं?" तिने भुवई उचलली. या वेळी दोन्ही.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज संध्याकाळी चालायला जातो. वाटेत त्या तराजू दुरुस्तीच्या डिप्लोमावाल्याचं दुकान लागतं. दर्शनी भिंतीवर त्याने आपलं प्रशस्तिपत्र फ्रेम करून टांगलंय आणि त्यावर दिवा सोडलाय. मी थांबत नाही. फ्रेम डावीकडे झुकली आहे, एवढंच म्हणतो. ज्याला स्वतःची फ्रेम सरळ लावता येत नाही तो तराजू कसा लावत असेल!

चांगली बातमी. आपले सराफ आले होते, पेठेतल्या जुन्या दुकानाचे. त्यांच्याकडे अजून दोन पारड्यांचा तराजू आहे, कारण त्यात समोर माल तोलला की गिऱ्हाईक चकार शब्द काढत नाही. त्यांचं एक ग्रॅमचं वजन झिजलंय. ते म्हणाले, नवीन घडवून द्या, पण तुमच्याच हाताने. मी माझ्या प्रमाण वजनाशी एका बैठकीत जुळवून दिलं. पारडी अशी समोरासमोर उभी राहिली की जणू दोन सासवा, कुणीच झुकेना. सराफ म्हणाले, "तुमच्या हाताला तोड नाही." मी म्हटलं, "शिकून आलेलं नाही हे. आपलंच आहे."

त्या दिवशी थोरलीशी पुन्हा समुद्रावरून वाजलं, ते सोडलं तर दिवस चांगला गेला.

तुझा
(चपला वजा जाता)


१२ एप्रिल

आज लांबलचक लिहिण्याची ताकद नाही. पण सगळं लिहितो, कारण या पत्राचं उत्तर मला हवंय.

सराफ आले. बसले नाहीत. मी घडवलेलं वजन कागदाच्या पुडीतून काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "जड भरतं." मी हसलो. म्हटलं, तुमचा तराजू बघतो, दांडीला ऊब लागली असेल. ते म्हणाले, "तराजू चांगला आहे. मी हे दुसरीकडे तपासून आणलं." कुठे? तर डिप्लोमावाल्याकडे. "त्याने म्हटलं, ग्रॅमला सहा मिलिग्रॅम जास्त. मी सोनं विकतो, मालक, बटाटे नाही."

सराफ जाताच मी माझं प्रमाण वजन काढून दुसऱ्या वजनांशी मिळवून पाहिलं. माझंच जड झालं होतं. वीस वर्षं ज्याने एका पिसाची लबाडी केली नाही, ते! त्यावर कुणीतरी हात ठेवलाय, हे उघड होतं.

आता तूच सांग, दुकानात कोण आलं होतं? मधल्या शनिवारी मी बेकरीवाल्याकडे गेलो असताना थोरली किल्ली घ्यायला खाली आली होती. मी परत आलो तेव्हा ती त्याच फळीखाली उभी होती. मी तिला बोलावलं. आवाज चढवला नाही. (थोडा चढला.)

"पेटीला हात लावलास?"

"नाही."

"खरं सांग. रागाच्या भरात लावला असेल. समुद्राचं मनात असेल."

"बाबा, मी हात लावला नाही."

"मग वजन आपोआप जड झालं का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगतो, तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाली, "घरात आपोआप जड होणाऱ्या बऱ्याच गोष्टी आहेत."

यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटचं वाक्य मात्र लिहितो. "तुझ्या शब्दाचं वजन मला कळलं." त्यावर ती शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. तुम्हाला पटत नसेल तर राहू द्या."

'तुम्हाला.' जन्मल्यापासून मला 'तू' म्हणणारी पोरगी. लोकांच्या घरात आदर वाढला की बापांना बरं वाटतं. आपल्याकडे आदर वाढला की समजावं, काहीतरी मोडलं.

तुझा


२० एप्रिल

तुझं उत्तर मिळालं. एवढं मोठं पाकीट आणि आत एवढंच: 'पोरगी हात लावला नाही म्हणते, तर लावला नाही. ती उर्मट आहे, खोटारडी नाही. हा फरक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळायला हवा. आणि पाणी प्या.'

पाणी पितो आहे. या घरात एवढं पाणी कधी प्यायलं गेलं नसेल.

थोरली माझ्याबरोबर जेवत नाही. मी बसलो की तिला अभ्यास आठवतो. धाकटी बसते, पण ती समोर असण्यात आणि नसण्यात फरक एवढाच की मीठ मागितलं तर बरणी माझ्याकडे सरकते. काल थोरली पहिली आली, सगळ्या वर्गात, आणि हे मला कुणी सांगितलं? बेकरीवाल्याने. त्याच्या पोराच्या शाळेत आहे म्हणून. 'अहो अभिनंदन!' म्हणून त्याने पाव किलो केक हातात दिला. मी तो पोरींसाठी घरी नेला असता. पण पोरी बोलत नाहीत तर केक कुणासमोर ठेवायचा?

तो केक जिन्यावरच संपला. लिहायचं नव्हतं, पण पेन पुढे गेलं.

तुला काय सांगू, मला भूक नव्हती. भूक कशी असते ते मला माहीत आहे. दुकान टाकलं तेव्हा मी खूप उपाशी राहिलो आहे, भुकेला मी ओळखतो, ती पोटात येते. ही दुसरीच कुणी आहे. ही दार आपटल्याच्या आवाजाने येते, 'तुम्ही' ऐकलं की येते, आणि थेट हातात येते. पोटाला पत्ताच नसतो.

मी येत्या शनिवारी सराफांना बोलावलं आहे. भिंग आणलं आहे मोठं. वजनाच्या पृष्ठभागावर बोटाचा ठसा असणारच. थोरलीला समोर बसवून, साक्षीदारासह, ठसा दाखवणार. म्हणजे तिला मान्य करावं लागेल आणि मग मी तिला माफ करीन. हा माझा विचार आहे. चांगला वाटतो का?

उत्तर यायच्या आत शनिवार येईल, हे माझ्या लक्षात आहे.

तुझा


२८ एप्रिल

माझ्या बायकोला,

तू हे पत्र वाचताना बसून घे आणि शक्य असेल तर कारखान्यातल्या कुणासमोर वाचू नकोस.

कोर्ट भरलं. सराफ खुर्चीत. थोरली स्टुलावर, हाताची घडी, तोंड भिंतीकडे. धाकटी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, कानात बोंडं. मी कामाच्या टेबलामागे, नवा दिवा लावून, भिंग स्टँडला बसवून. सराफ म्हणाले, "अहो, पोरीला कशाला? वजन दुरुस्त करून द्या आणि संपवा." मी म्हटलं, "नाही. प्रश्न सहा मिलिग्रॅमचा नाही, प्रामाणिकपणाचा आहे." हे वाक्य मी शुक्रवारपासून तयार ठेवलं होतं.

पेटी खाली काढली. वरचं झाकण उघडलं. चिमटा हातात घेतला. एक ग्रॅमचं वजन चिमट्याने, नेहमीसारखंच, नियमाप्रमाणे उचलून, उलटं करून भिंगाखाली धरलं. म्हटलं, "आता बघा ठसा."

ठसा नव्हता. रेषा नव्हत्या. बुडाला एक तपकिरी डाग होता. पातळ, सारवल्यासारखा. मी म्हटलं, "हं. बोट घासलं गेलंय." सराफ वाकले. म्हणाले, "गंज वाटतो." मी म्हटलं, "पितळेला असा गंज येत नाही."

आणि तेव्हा धाकटी बोलली. तू गेल्यापासून पहिलं पूर्ण वाक्य, कानातलं एक बोंड काढून: "बाबा, चिमट्याचा वास घे."

मी घेतला.

तो चिमटा पेटीच्या खालच्या कप्प्यात असतो, ब्रश आणि चामड्याबरोबर. तुला तो कप्पा माहीत आहे. आता तिथे आणखी काय असतं ते सांगतो, कारण लपवायला आता जागा उरलेली नाही. तिथे चॉकलेट असतं. पहिल्या आठवड्यापासून. स्वयंपाकघरात ठेवलं तर पोरींना दिसेल, कपाटात ठेवलं तर धुण्याच्या वेळी सापडेल, म्हणून मी घरातली अशी एकच जागा निवडली जिला कुणी हात लावत नाही. कुणी हात लावू नये हे मीच सगळ्यांना शिकवलं होतं. मागच्या महिन्यात उकाडा झाला, ते विरघळलं आणि चिमट्याच्या टोकाला लागलं. मी वजनाला बोट लावलं नाही! सगळं नियमाने केलं. नियमाने चिमटा उचलला, नियमाने वजन धरलं आणि नियमाने चॉकलेट माझ्या प्रमाणाच्या बुडाला चोपडलं. मग त्या चोपडलेल्या वजनाशी जुळवून सराफांचं वजन घडवलं.

सराफांना आधी कळेना. मी खालचा कप्पा ओढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चांदीचा कागद उचलला, उलटा केला, वास घेतला. आणि मग हा माणूस, ज्याला मी कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, खुर्चीत मागे झुकून एवढा हसला की बेकरीवाला पिठाच्या हातांनी धावत आला. "म्हणजे इतके दिवस मी चॉकलेटच्या मापाने सोनं विकत होतो!"

बेकरीवाला म्हणाला, "हेच का ते, मी दिलेलं?" त्याला मी हळू बोल म्हटलं, पण भला माणूस हळू बोलत नाही.

मी थोरलीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"त्या शनिवारी कप्पा अर्धा उघडा होता. आतला चांदीचा कागद दिसत होता."

"मग बोलली का नाहीस? मी एवढं बोललो, तेव्हाही?"

"हात लावलास का, असं विचारलं होतंत. लावला नव्हता. कप्पा बंदसुद्धा केला नाही, हात लागेल म्हणून."

(वकील आहे ती. समुद्राच्या वेळीच मला कळायला हवं होतं.)

"पण चॉकलेटचं सांगायचंस ना!"

याचं उत्तर तिने सराफांसमोर दिलं नाही. ते गेल्यावर, दुकानाचं अर्धं शटर ओढल्यावर, बारीक आवाजात म्हणाली, "तुम्ही गोड खाताय हे आईला कळलं असतं तर ती तिथलं काम टाकून निघून आली असती. तिला आत्ता कुठे कुणी काही शिकवायला बोलावलंय."

सोळा वर्षांची पोरगी माझं गुपित सांभाळत होती, तुझं काम सांभाळत होती आणि त्याच गुपितापायी माझ्या शिव्या खात होती. आणि मी? मी तिच्या शब्दाचं वजन काढत होतो, चिकट वजनाने.

मी तिची माफी मागितली. 'चुकलं' एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "बरं." 'तू' काही म्हणाली नाही. ते मागून घेता येत नाही.

हे पत्र मी तुला थोरलीला विचारून पाठवतो आहे. ती म्हणाली, "लिहा. पण आईला सांगा, यायचं नाही." तर, यायचं नाही. इकडे दोन तपासनीस आहेतच.

सराफांचं वजन नव्याने जुळवून, स्वतः नेऊन दिलं. परतताना डिप्लोमावाल्याच्या दुकानात गेलो. त्याने खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही, पण म्हटलं, "तुमचं माप बरोबर होतं." तो खूश झाला. मग मी त्याची फ्रेम सरळ करून आलो. तेवढं मला राहवलं नाही.

खऱ्या काट्यावरचा खरा आकडा, चपलांसह: पाच किलो जास्त. पाना खिशात नव्हता.

तुझा


१७ मे

तपासनीसबाई,

आज सकाळी थोरली समुद्रावर गेली.

हो म्हणालो ते चांगुलपणाने नाही. नाही म्हणण्यासाठी कारण शोधत होतो आणि जे जे सापडलं ते सगळं माझ्याच भीतीचं निघालं. एकोणीसच्या त्या बहिणीला मी भेटलो. बोलते कमी, गाठोडी बांधते चांगली. मी तिच्या पिशवीची गाठ ओढून पाहिली, सुटली नाही. मग ठीक वाटलं.

आधीचे दोन आठवडे सोपे गेले नाहीत. वाद झालेच. एकदा दार आपटलं, बिजागरी पुन्हा सैल झाली. एकदा ती म्हणाली, 'तुम्हाला वाटतं सगळं जग म्हणजे तुमचं दुकान!' मी जिन्याने खाली आलो, हात आपोआप पेटीकडे गेला. कप्पा रिकामा होता, मीच साफ केला होता, स्पिरिट लावून. तरी ओढला. रिकाम्या कप्प्यात चार बोटं घालून उभा राहिलो, चोर तिजोरीसमोर राहावा तसा, आणि स्वतःला विचारलं: मालक, भूक की राग? तू फाटकापाशी सांगितलेला मंत्र मला तोंडपाठ होता, पण तो मी त्या दिवशी पहिल्यांदा वापरला. उत्तर आलं: दोन्ही नाही. भीती. ती मोठी झाली याची. मग पाणी प्यायलो. भीती गेली नाही, पण चॉकलेटनेही कुठे जात होती? निदान पाण्याने चिमटा खराब होत नाही.

बेकरीवाल्यालाही सांगितलं, मजुरी फक्त पावात घेईन. तो म्हणाला, "साहेब, मन मोडलंत." मी म्हटलं, "मोडलं तर दुरुस्त करून देईन, तो माझा धंदा आहे."

तर आज सकाळी. थोरली पिशवी खांद्याला लावून निघाली. मी दुकानाच्या पायरीवर उभा, चेहऱ्यावर काहीही नाही, असं माझं म्हणणं. ती कोपऱ्यापर्यंत गेली, मैत्रिणी हाका मारत होत्या, आणि ती परत फिरली. वाटलं काही विसरली. जवळ आली आणि म्हणाली, "बाबा, तू जेवून घे वेळेवर."

'तू.'

मी म्हटलं, "हो." इतकंच. मोठं काही बोलायला गेलो असतो तर गाडी चुकली असती.

ती गेली. गल्ली एकदम रुंद झाल्यासारखी वाटली. आत आलो. काम उघडलं, भाजीवालीचा काटा, स्प्रिंग अडकलेली. एकदा काढली, एकदा चुकीची बसवली. मी! चुकीची! तेव्हा कळलं की हात पेटीकडे निघालाय. मला माहीत होतं की कप्पा रिकामा आहे. तरी ओढला.

कप्पा रिकामा नव्हता. आत गाजर होतं. वजनांच्या खाचांच्या मापात कापलेले तुकडे, बरोबर एकेका खाचेइतके, आणि चिमटा वेगळ्या कागदात गुंडाळून बाजूला. मी जिन्याकडे पाहिलं. धाकटी शेवटच्या पायरीवर, कानात बोंडं, छताकडे बघत. मी विचारलं, "तूच ना?" तिने भुवई उचलली. आता मला माहीत आहे, डावी म्हणजे हो.

एक तुकडा खाल्ला. गाजर फार आवाज करतं. बिस्किट मध्येच मऊ पडतं तरी, हे शेवटपर्यंत कुरकुरतं. चोरून खाण्याची सोयच नाही त्यात. धाकटीने एक बोंड काढलं, म्हणाली, "हळू," आणि परत घातलं.

पुढच्या रविवारी फोन करतो. पलीकडून कुरकुर ऐकू आली तर टिचकी मारू नकोस, गाजर असेल. विश्वास बसला नाही तर थोरली तोवर परत आलेली असेल, तिला विचार. तिच्या शब्दाशी मी आता माझी बाकीची वजनं जुळवून घेतो.

तुझा